गांजा विचारला, भांग राहूनच गेली

महोदय,

मागच्या महिन्यात कामठी रोडवर माजी सैनिकांचं आरोग्य शिबिर झालं. मी निवृत्त सुभेदार, वय ७१, रांगेत होतो. टेबलावरच्या पोराने फॉर्म वाचत माझ्या पुढच्या हवालदाराला विचारलं, "काका, दारू? तंबाखू? गांजा?" बाजूला त्याची बायको, मागे आम्ही पाच-सहा जण. तो "नाही" म्हणाला.

खोटं बोलला असंही नाही. तो रोज रात्री भांगेची गोळी घेतो, गुडघ्यासाठी अन् झोपेसाठी. भांगेला आपल्याकडे गांजा म्हणतं कोण? १९८५ चा अमली पदार्थ कायदासुद्धा गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे धरतो, नुसती पानं, म्हणजे भांग, नाही. केंद्राच्या २०१९ च्या व्यसनांवरच्या अहवालातही भांग वेगळी मोजली होती, आणि ती घेणारे गांजा-चरसवाल्यांपेक्षा जास्त निघाले. या फॉर्मात मात्र भांगेचा रकानाच नव्हता.

अमेरिकेत ६५ वरच्या माजी सैनिकांना नीट विचारलं, तेव्हा दहातल्या एकाने मागच्या ३० दिवसांत गांजासारखं काही घेतल्याचं सांगितलं. आपल्याकडे पेन्शन अडकेल या धास्तीने कोणी तोंड उघडत नाही. लघवी तपासा म्हणाल, तर रोज घेणाऱ्याच्या लघवीत भांगेचा अंश कित्येक आठवडे सापडतो. किती घेतली, हे त्यातून कळत नाही.

रमचं बरं असतं, कँटीनचा कोटा अन् पेगचं माप. गोळीचं माप काय? मी हवालदाराला विचारलं. त्याने अंगठ्याच्या नखावर दाखवलं, "हरभऱ्याएवढी जी, साहेब. थंडीत मंग बोराएवढी." खाल्लेली भांग चढायला तास-दीड तास लागतो. काही होत नाही म्हणून एका रात्री त्याने दुसरी घेतली आणि बाथरूममध्ये पडला. डॉक्टरांनी कागदावर 'चक्कर' लिहिलं अन् बीपीची गोळी बदलून दिली. त्यांची तरी काय चूक!

शिबिरं घेणाऱ्यांना विनंती एवढीच की भांग, गांजा, चरस वेगवेगळे विचारा. महिन्यात किती दिवस, खाऊन, पिऊन की ओढून, आणि कशासाठी, हेही. मोजणीसाठी बिननावाची चिठ्ठी डब्यात टाकू द्या. डॉक्टरांनी विचारायचं ते पडद्याआड, वहिनींना बाहेर बसवून. विचारणारा फौजेतला जुना नर्सिंग असिस्टंट असेल तर आमची माणसं लवकर बोलतील.

पुढच्या शिबिराला हवालदार यायला तयार झालाय. खिशात एक हरभरा अन् एक बोर घेऊन ये, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

— एक निवृत्त सुभेदार, नागपूर