व्हिसेऱ्याच्या बरणीत पुरेसं मीठ घाला

महोदय,

व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात विषतपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा, अहवाल रखडला की खापर प्रयोगशाळेवर फुटतं. कामं तुंबतात हे खरं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण विषशास्त्र विभागात नोकरी झालेला माणूस म्हणून सांगतो, पुष्कळ अहवालांचा निकाल बरणी आमच्याकडे पोचायच्या आधीच लागलेला असतो.

जठर-आतडं एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसरीत, दोन्ही मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडालेली हवीत. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. प्रत्यक्षात यायचं खारट पाणी, कधी चक्क फॉर्मॅलिन. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तुकड्यांना ते ठीक, पण त्यात घट्ट झालेल्या ऊतकातून विष सुटता सुटत नाही. बरणी दोन तृतीयांशच भरायची असते. काठोकाठ भरली की कुजण्याच्या वायूने झाकण उचललं जातं. भर उन्हाळ्यात तसली बरणी घेऊन एसटीने येणाऱ्या हवालदाराची, आणि शेजारच्या प्रवाशाचीही, दया यायची. रक्ताच्या नमुन्यात जंतूंना रोखणारं सोडियम फ्लोराइड घातलेलं नसेल तर जंतूच अल्कोहोल तयार करू शकतात. मग मृत व्यक्ती प्यायलेली होती की नाही, हे छातीठोकपणे कोण सांगणार? घरच्यांचा विम्याचा दावा मात्र त्यावरच अडतो.

नीट आलेल्या नमुन्यालाही वेळ लागतोच. लाखेचं सील नमुना सीलशी ताडायचं, ऊतक बारीक कातरायचं, अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवायची, गाळायचं, मग ते पाणी आधी आम्लयुक्त आणि नंतर अल्कधर्मी करून दोन्ही वेळा ईथरने विष ओढून घ्यायचं. या युक्तीचं मूळ १८५०च्या बेल्जियममधल्या निकोटीन-खुनाच्या तपासात आहे, रसायनज्ञ स्टास यांचं काम. यकृत कुजलेलं असलं की ईथर आणि पाण्याचा असा काला होतो की थर वेगळे होईपर्यंत संध्याकाळ होते.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. स्वागतच आहे. पण आधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या शवविच्छेदनगृहात स्वच्छ बरण्या, मोजून बांधलेले मिठाचे पुडे आणि फ्लोराइडच्या कुप्या आरोग्य खात्याने पोचवाव्यात. सोबत नुसत्या मीठ-पाण्याची वेगळी बाटली पाठवायला विसरू नये. ती नसली की बचावाचे वकील विचारतात, विष त्या पाण्यातूनच आलं नसेल कशावरून?

— एक निवृत्त सहायक रासायनिक विश्लेषक, सातारा