गरुडाच्या चौकातून मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय, ब्रिटिश सरकार, लंडन.

विषय : पाचाचे पंधरा कसे झाले, त्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात चौदा वर्षं इंजिनं खोलली आणि बसवली. डिसेंबर २०२१ पासून पश्चिम लंडनमधल्या एका बस गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. पत्र मराठीत लिहितोय, कारण फॉर्मवर म्हणणं मांडायला जो चौकोन असतो त्यात माझं आडनावसुद्धा धड बसत नाही. आपल्याला कोणीतरी वाचून दाखवेल. आपल्या खात्यात मराठी माणूस नसला तर खालच्या कँटीनमध्ये विचारून बघावं.

आम्ही आलो तेव्हा नियम असा होता : पाच वर्षं सरळ काम करा, कर भरा, मग कायम राहण्यासाठी अर्ज करा. त्या पाचाच्या भरवशावर मी लेथ विकला आणि बायकोचं गंठण सोनाराकडे ठेवलं. डिसेंबर २०२६ मध्ये पाच वर्षं भरतात. आणि आता आपला प्रस्ताव आलाय की पाचाचे दहा करायचे, आणि ज्यांचं काम पदवीच्या दर्जाचं नाही त्यांचे पंधरा. आधीपासून येऊन राबणाऱ्यांनाही हेच लागू. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे मी पंधरात. मुलगी आज चौदाची आहे, माझे पंधरा भरतील तेव्हा ती पंचविशीत असेल. दारात येऊन चपला काढल्या आणि घरवाल्यानं उंबरठाच उचलून आत नेला, असं झालंय.

बातमी आली त्या रात्री मी पाळीवर होतो. सकाळी सुटलो आणि नेहमीप्रमाणे ए-फॉर्टी हमरस्त्यानं घराकडे निघालो. नॉर्थोल्टच्या हवाई तळाच्या टोकाला एक चौक आहे, नाव पोलिश वॉर मेमोरियल. रेडिओवर ते नाव सकाळ-संध्याकाळ येतं, कारण तिथे ट्रॅफिक अडकलेलं असतं. इथल्या निम्म्या लोकांना ते तुंबलेल्या ट्रॅफिकचंच नाव वाटत असणार. मलाही चार वर्षं तसंच वाटत होतं. त्या दिवशी मात्र गाडी बाजूला लावली आणि आत गेलो.

एक उंच खांब आहे, वर पितळेसारखा दिसणारा ब्रॉन्झचा गरुड, आणि मागे दगडावर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या पोलिश विमानदलातल्या माणसांची नावंच नावं. मी त्यातलं एकही नीट वाचू शकलो नाही. झेड, सी, झेड एकापुढे एक. गॅरेजात माझं नाव हाजरीच्या कागदावर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं आहे, ते आठवलं. दगडावर बायबलातली ओळ कोरली आहे. आपल्या मराठी बायबलात ती अशी येते : 'जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे.' त्यांनी राखला. पुढचं आपण बघू.

पोलंड म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला नवल वाटत नाही. १९४३ ते ४८ आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. स्टालिननं सैबेरियात हाकललेल्या बायका आणि पोरं इराणमार्गे आमच्या उसाच्या मुलखात आली. त्यांचे बाप्ये तेव्हा तुमच्या बाजूने लढत होते, काही सैन्यात, काही इकडे हवाई दलात. आमची आजी वळिवड्याची. ती छावणीत दूध घालायची आणि म्हातारपणीही दुधाला थट्टेनं 'म्लेको' म्हणायची. पुढे त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. कोल्हापुरानं एका वाडीत दोन वेळा निर्वासित सामावून घेतले, आणि कोणाला इंग्रजीची परीक्षा घातली नाही.

तर त्या दगडावरच्या पोरांचं. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड पडला. ती रुमानिया, हंगेरी करत फ्रान्सला पोचली. जून १९४० मध्ये फ्रान्सही पडला, मग मिळेल त्या बोटीनं इकडे. आधी आलेल्यांना तुम्ही काय दिलंत? तुमच्या राजाची शपथ, आणि अधिकाऱ्यांना सगळ्यांत खालचा हुद्दा. वर्षानुवर्षं विमान चालवलेला माणूस पुन्हा शिकाऊ. (मला इथे पहिले सहा महिने टायरपलीकडे हात लावू दिला नाही. असो.) त्यांच्या सवयीच्या विमानात थ्रॉटल मागे ओढला की वेग वाढायचा, तुमच्यात पुढे ढकलायचा. किलोमीटरच्या जागी मैल, मीटरच्या जागी फूट. चाकं आत घेण्याची सवय नव्हती, म्हणून सुरुवातीला काही विमानं पोटावर उतरली. वायरलेसवरचं इंग्रजी शिकायला त्यांना मैदानात तीनचाकी सायकलींवर बसवून फिरवलं, कानाला हेडफोन लावून. लढाईत मुरलेली माणसं तीनचाकीवर. पण त्यांनी ते केलं.

पायलटांची नावं सगळेच घेतात. माझं लक्ष फिटरांवर जातं. मेट्रिकवर हात बसलेला माणूस, त्याच्यापुढे मर्लिन इंजिन आणि इंची पाने. उद्यमनगरात जुन्या इंग्रजी मशिनीचे व्हिटवर्थ आटे मी खोललेत, मला माहीत आहे. मेट्रिकचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. त्यांच्या हरिकेन विमानाचा मागचा अर्धा भाग कापडाचा. गोळ्यांनी चाळण झालेलं ते कापड रात्रीत ठिगळं लावून, डोप नावाचा लेप फासून, सकाळी विमान परत उभं करायचं. ३०३ नंबरच्या पोलिश स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानतुकडीच्या, गोष्टीत या माणसांना एखादी ओळ मिळते. त्यांच्या कामालाही पदवी लागत नव्हती, मंत्रिमहोदय. तुमच्या आजच्या यादीत ते पंधरात गेले असते.

३०३ स्क्वाड्रन २ ऑगस्ट १९४० ला उभी राहिली, याच नॉर्थोल्टवर. तरी महिनाभर त्यांना लढू दिलं नाही, सराव करा म्हणाले. ३० ऑगस्टला सरावातच पाश्किएविच नावाच्या पायलटानं रांग सोडली आणि एक जर्मन विमान पाडलं, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून त्यांना लढायला पाठवलं. सप्टेंबर संपायच्या आत तो मेला. त्या वर्षीच्या ब्रिटनच्या हवाई लढाईत १४५ पोलिश पायलट उडाले. ३०३ च्या नावावर १२६ विमानं लागली, नंतरच्या अभ्यासकांनी ती निम्म्याहून खाली आणली. चालायचंच, मेल्यावरही हिशेबात कपात. पण तुमच्याच फायटर कमांडचा प्रमुख डाउडिंग लिहून गेलाय की पोलिश स्क्वाड्रन नसत्या तर निकाल हाच लागला असता असं म्हणायला त्याची जीभ कचरते.

मग याल्टाची परिषद. फेब्रुवारी १९४५ मध्ये पोलंड स्टालिनच्या पदरात टाकलात. त्याच महिन्याच्या २७ तारखेला चर्चिलसाहेब पार्लमेंटात म्हणाले की ज्यांना परत जायचं नसेल त्या पोलिश सैनिकांना ब्रिटिश साम्राज्याचं नागरिकत्व मिळावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. जुलैत पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतलीत. मार्च १९४६ मध्ये परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी पोलिश सैनिकांच्या हातात कागद दिला की आता मायदेशी जाणं बरं. कागद! मला तो कागद बघायचाय. माझ्याकडेही तुमचे बरेच कागद आहेत, शेजारी ठेवून वाचेन.

८ जून १९४६ ला लंडनला विजयाची परेड निघाली. आमचे हिंदी जवान चालले, जगभरचे चालले. पोलंडचं निमंत्रण तुम्ही वॉर्साच्या नव्या सरकारला धाडलंत आणि इथे लढलेल्यांपैकी फक्त पंचवीस विमानवाल्यांना बोलावलंत. आमच्या बाकीच्या भावांना बोलावणं नसेल तर आम्हीही येत नाही, म्हणून ते गेले नाहीत. पोलिश पायलटांतला स्काल्स्की, मोठा वैमानिक, तुमचं ऐकून म्हणा की आईच्या ओढीनं म्हणा, परत गेला. १९४८ मध्ये त्याला पकडलं, फाशी सुनावली, ती रद्द झाली तरी १९५६ पर्यंत तो आतच होता. १९४७ मध्ये तुम्ही उरलेल्यांना इथे वसवण्यासाठी कायदा केलात, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. पण १९४८ मध्ये खांब उभा राहिला तेव्हा परेडला दोन वर्षं उलटून गेली होती. दगड व्हायला तुमच्याकडे वेळ लागत नाही, माणूस व्हायला लागतो.

२००९ ची एक गंमत. परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्या एका पक्षानं इथल्या निवडणुकीत स्पिटफायरचं चित्र छापलं. लोकांनी त्यावरची अक्षरं वाचली, तर विमान ३०३ चं निघालं. पोलिश! त्यांना हाकलायचे होते तेच त्यांच्या पोस्टरवर उडत होते.

मी कोणतंही विमान पाडलेलं नाही, हे मान्य. मी बसचे ब्रेक दुरुस्त करतो. त्या बसनं तुमची पोरं शाळेत जातात. त्यासाठी मी आधी पैसे मोजतो : व्हिसा वाढवताना दोन वर्षांचा आरोग्य अधिभार, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि पोरीला ७७६. तिघांचे मिळून ५,६९२ पौंड, एका फटक्यात, सहा लाखांच्या वर रुपये. शिवाय पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. दवाखान्यात मी या चार वर्षांत दोनदा गेलो, एकदा बोटाला टाके आणि एकदा पोरीचा कान. त्या टाक्यांइतके महाग टाके अख्ख्या कोल्हापुरात कोणी घातले नसतील.

अर्ज विचाराधीन असताना देश सोडला तर अर्ज रद्द, हा तुमचा नियम. २०२४ च्या हिवाळ्यात माझा अर्ज पडून होता आणि वडील गेले. धाकट्यानं पंचगंगेच्या घाटावरून फोन धरला. आमच्याकडे शेणी रचतात, गावातले लोक दान देतात, स्मशानाचे पैसे कोणी घेत नाही. मी गॅरेजच्या पार्किंगमध्ये बसमध्ये बसून बघितलं. धुरात नेट अडकलं आणि स्क्रीनवर धाकट्याचा कोपर तेवढा दिसत राहिला. अर्ज मंजूर झाल्याचा मेल नंतर अकरा दिवसांनी आला, 'अभिनंदन' असं लिहिलेला. तो मी जपून ठेवलाय.

आता म्हणाल, यात आमचा काय दोष, नियम म्हणजे नियम. मग पाचाचा नियम काय होता? कोविडात दर गुरुवारी रात्री आठला दारात टाळ्या वाजवल्यात, आमच्याकडे थाळ्या वाजल्या. दोन्हीकडे आवाजच झाला. माणूस हवा असतो तेव्हा त्याची भाषा चालते, हुद्दा चालतो, रंग चालतो. गरज सरली की त्याला जमेच्या बाजूनं उचलून खर्चाच्या बाजूला टाकतात. आमच्या मुंबईत गिरणी कामगारांचं हेच झालं, उसाच्या तोडणीवाल्यांचं दरसाल होतं, त्यामुळे हे मी केवळ गोऱ्यांचं म्हणून लिहीत नाही. कोणतंही सरकार घ्या, ज्यानं नट घट्ट केले त्याचं नाव यादीत नसतं.

मागणं थोडंच आहे. आधी आलेल्यांना आधीचा नियम लावा. नसेल जमत तर निदान त्या दगडाला दर वर्षी फुलांचं चक्र वाहताना मला बोलवा, मी येऊन ती ओळ मराठीत मोठ्यानं वाचतो.

उत्तराची घाई नाही, पंधरा वर्षं आहेत. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, तुमच्या इंग्रजी परीक्षेची बी-वन पायरी पास आहे. बी-टू मागणार आहात असं ऐकतो, तोवर जरा सोप्या इंग्रजीत लिहावं.

आपला,
एक मेकॅनिक,
मूळ मुक्काम कोल्हापूर, सध्या गरुडाच्या चौकाजवळ