मराठीच्या उत्तरपत्रिकेत गावालाही जागा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या मराठीच्या पुस्तकात काय असावे आणि काय नसावे, याविषयी आपल्या दैनिकात प्रसिद्ध होणारी वाचकांची पत्रे मी गेले काही आठवडे आवर्जून वाचत आहे. त्यांपैकी बहुतेक पत्रांचा रोख कोणता कवी घेतला आणि कोणता गाळला, यावर आहे. मला थोडे निराळे म्हणायचे आहे आणि ते मांडण्यासाठी वेंगुर्ल्याहून पार आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जावे लागणार आहे, त्याबद्दल वाचकांनी धीर धरावा ही विनंती.

माझे जावई नोकरीनिमित्त नायजेरियातील लागोस शहरात असतात. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी मी तिथे चार महिने राहिले. शेजारच्या घरातील मुलगी तेव्हा माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि १९५२ साली स्थापन झालेल्या पश्चिम आफ्रिकी परीक्षा परिषदेच्या शालान्त परीक्षेची तयारी करत होती. तिने घेतलेल्या विषयांत योरुबा, म्हणजे तिची मातृभाषा, हा एक विषय होता. संध्याकाळी ती वह्या घेऊन आमच्या व्हरांड्यात येऊन बसे. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली असल्यामुळे कोणाच्याही हातात भाषेची वही दिसली की माझी नजर तिकडे जातेच.

त्या विषयाचे तीन भाग आहेत: भाषा, साहित्य आणि संस्कृती. ही तिन्ही एकाच विषयात येतात, तिन्हींवर प्रश्न विचारले जातात आणि तिन्हींना गुण असतात. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण त्या वह्या पाहत गेले तसतसे तिचे मोल मला कळत गेले.

भाषेच्या भागात सूर आहेत. योरुबात एकाच अक्षराचा उच्चार वरच्या, मधल्या किंवा खालच्या सुरात होतो आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘ओको’ हा शब्द दोन्ही अक्षरे मधल्या सुरात म्हटली तर नवरा, दुसरे अक्षर वर नेले तर कुदळ आणि खाली आणले तर होडी किंवा गाडी. मुलांना हे सूर ‘दो, रे, मी’ असे गाऊन शिकवतात, जसे आपण सा, रे, ग म्हणू. लिहिताना वरच्या आणि खालच्या सुराची खूण अक्षराच्या डोक्यावर द्यावी लागते. त्या मुलीच्या वहीत अशा सुटलेल्या खुणा शिक्षकांनी लाल शाईने एकेक करून भरलेल्या पाहिल्या आणि ‘दिन’ व ‘दीन’ यांतला फरक समजावताना मी झिजवलेले खडू मला आठवले.

संख्यांचा पाठ तर मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. योरुबात मोजणी विसांवर चालते आणि त्यात वजाबाकी फार: पंधरा म्हणजे विसाला पाच कमी, सोळा म्हणजे विसाला चार कमी, पन्नास म्हणजे तीन विसा आणि त्यांत दहा उणे. मी तिला सांगितले की आम्हीही एकोणीस म्हणतो, एकोणतीस म्हणतो, म्हणजे पुढच्या संख्येला एक उणा, आणि वीस नगांना आमच्याकडे कोडी म्हणतात. तिने लगेच ‘एकोणीस’ हा शब्द आपल्या लिपीत वहीच्या समासात उतरवून घेतला.

साहित्याच्या भागात छापील पुस्तके आहेतच. योरुबातील अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक डी. ओ. फागुन्वा यांची, ती १९३८ साली आली, आणि एका शूर शिकाऱ्याच्या भुताखेतांच्या अरण्यातील प्रवासाची ती कथा पुढे वोले सोयिंका यांनी १९६८ मध्ये इंग्रजीत नेली. त्याच सोयिंकांना १९८६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पण मला थांबवले ते या छापील परंपरेच्या बरोबरीने बसवलेल्या मौखिक साहित्याने. ओरिकी म्हणजे माणसाची, कुळाची, गावाची, देवाची स्तुतिकवने. इजाला हे शिकाऱ्यांचे गायन, लोखंडाचा देव ओगुन याच्याशी जोडलेले. एकून इयावो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने आईबापांचा निरोप घेताना म्हणायचे रडगाणे. कोणते गायन कोण म्हणतो, कोणत्या प्रसंगी म्हणतो, त्याची शब्दकळा कशी असते, हे विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहायचे असते. गोष्ट सांगणारा ‘आलो!’ अशी हाळी देतो आणि ऐकणारी मुले त्याच शब्दाने प्रतिसाद देतात, हेही तिथे अभ्यासाचा भाग आहे. ते वाचून मला आमच्या देवळातले गाऱ्हाणे ऐकू आले: मानकऱ्याने ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करावी आणि जमलेल्या गावाने प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणावे. आमच्या मुलांनी हे जन्मापासून ऐकलेले असते, मात्र त्यांच्या मराठीच्या वहीत ते कधीच नसते.

तिसरा भाग संस्कृतीचा. त्यात नामकरण, विवाह, अंत्यविधी, व्यवसाय, अभिवादनाच्या रीती, खेळ असे सगळे येते. योरुबा लोकांत बाळाचे नाव आठव्या दिवशी ठेवतात. त्या वेळी मध, मीठ, पाणी, कोला या झाडाच्या बिया असे जिन्नस मांडतात आणि प्रत्येकामागे कारण असते. आयुष्य गोड व्हावे म्हणून मध. कडू कोलाला ओरोग्बो म्हणतात आणि त्यातील ‘ग्बो’ या ध्वनीचा अर्थ वृद्ध होणे असा असल्यामुळे बाळ दीर्घायुषी व्हावे म्हणून ते. शब्दाच्या पोटातूनच विधी निघालेला आहे आणि ती मुलगी हे सारे घडाघडा सांगत होती, कारण ते तिच्या परीक्षेला होते.

त्याच सुमारास आमच्या नातवाचे बारसे झाले. आमंत्रण होते म्हणून ती आली, पाळण्याशी उभी राहिली, घुगऱ्या खाल्ल्या आणि मग तिने मला विचारले की बाराव्याच दिवशी का, घुगऱ्याच का, आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असे म्हणत बायका बाळाला पाळण्याखालून देतात तरी कशासाठी. तिच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही नीट उत्तर मला देता आले नाही. मराठीच्या शेकडो तासिका घेतलेल्या मला हे कोणी कधी विचारलेच नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

तेव्हापासून एक जुनी वही मला आठवत राहते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करत. ‘आमच्या गावची जत्रा’ या निबंधात त्याने लिहिले होते की रात्रभर धयकालो पाहिला. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, संकासूर कसा आला, मग आख्यान कसे सुरू झाले, पायपेटीवाल्याने नटाला सूर कसा दिला आणि लिहून ठेवलेले संवाद नसताना दोन नट एकमेकांना शब्दात कसे पकडत होते, हे सगळे दोन पाने भरून. मी ‘धयकालो’ला लाल वर्तुळ करून वर ‘दशावतार’ लिहिले, मधल्या मजकुरावर ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि जे गुण दिले ते आज सांगायला नको वाटते. त्या मुलाने पुन्हा निबंधात गावाचे काही लिहिले नाही.

शालान्त परीक्षेच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल राहिला आहे, याचा मला अभिमान आहे. आपल्या मुलांना अभ्यास कसा करावा हे सांगावे लागत नाही. म्हणूनच त्यांच्यापुढे ठेवलेल्या अभ्यासात त्यांचे स्वतःचे काय आहे, हा प्रश्न विचारावासा वाटतो. मराठीच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी आणि वीस अंतर्गत मूल्यमापनाचे. गद्य, पद्य, स्थूलवाचन, भाषाभ्यास, उपयोजित लेखन, सगळे आहे आणि ते असलेच पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे की अंतर्गत वीस गुणांपैकी दहा गुण विद्यार्थ्याने स्वतः आपल्या परिसरातून ऐकून उतरवलेल्या मौखिक मराठीसाठी असावेत: आजीच्या ओव्या, गाऱ्हाणे, नमनातले बोल, जाखडीतील शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब, होडीवरची भाषा, काहीही. शब्द बोलले गेले तसेच लिहावेत आणि त्यांचा प्रसंग व अर्थ प्रमाण मराठीत समजावून सांगावा. लेखी परीक्षेतही एक प्रश्न असा हवा, ज्याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या गावातून आणायचे आहे.

दूरच्या जिल्ह्यातील परीक्षकाला मालवणी किंवा संगमेश्वरी कळणार कशी, असे कोणी म्हणेल. पण अंतर्गत गुण शाळेतील शिक्षकच देतात, आणि लेखी उत्तरात अर्थ सांगणे हीच तर विद्यार्थ्याची परीक्षा आहे. दुसरी शंका अधिक नाजूक आहे. संस्कृती म्हटले की एखाद्या धर्माचेच सणवार पुढे येतील आणि बाकीची मुले बाजूला पडतील, ही भीती मी खोटी मानत नाही. लागोसची ती मुलगी मुसलमान होती. इफा या योरुबांच्या भविष्यकथनाच्या जुन्या परंपरेतील २५६ ओदू, म्हणजे अध्याय, आणि त्यांतील कवने ती शिकत होती, कारण ते तिच्या भाषेचे धन आहे. योरुबांमध्ये मुसलमान, ख्रिस्ती आणि जुन्या दैवतांना मानणारे असे सगळेच आहेत. आपल्या किनाऱ्यावरही कोकणी मुसलमानांच्या घरातील लग्नगीते आणि ख्रिस्ती वाड्यांतील बोली त्याच हक्काने वहीत यायला हव्यात.

तिकडेही सारे आलबेल नाही, हे मी पाहिले. इंग्रजीचा ओढा आपल्यासारखाच आहे, आणि संस्कृतीचा भाग केवळ पाठ करून ओकण्याचा धोकाही आहे. परंतु १९७० साली इफे विद्यापीठात प्रा. बाबाटुंडे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रयोगात प्राथमिकची सहाही वर्षे मुलांना योरुबातून शिकवले गेले, इंग्रजी एक विषय म्हणून शिकवली गेली आणि ही मुले इंग्रजीसकट अन्य विषयांत मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली. मातृभाषेवर खर्च केलेला वेळ वाया जातो असे मानणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या वाडीतही पेढे वाटले गेले. नवीन धोरणानुसार पाठ्यपुस्तके इयत्तेइयत्तेने बदलत आहेत, दहावीचीही पाळी येईल. पुस्तक बदलताना हा तिसरा भाग मराठीत आणावा, अशी अभ्यास मंडळाला आपल्या दैनिकामार्फत माझी कळकळीची विनंती आहे.

या मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतील सहा मुले माझ्या ओटीवर येऊन बसत होती. देवळातले गाऱ्हाणे त्यांनी मानकऱ्यांकडून तीन संध्याकाळी बसून उतरवून घेतले. ‘व्हय म्हाराजा’ कुठे कुठे येते ते लाल शाईने दाखवले आहे. ती वही मी गावच्या शाळेत ठेवली आहे. कोणा शिक्षकाला पाहायची असल्यास ती पाहता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग