पांढरी होती, अर्धी होती

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळेत मुलांना ताप-डोकेदुखीची साधी औषधं द्यावीत की नाही यावर नेहमी वाद होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की द्या, पण काय दिलं, किती दिलं आणि किती वाजता दिलं ते त्याच दिवशी लिहून घरी कळवा.

मागच्या महिन्यात मुलगी शाळेतून आली तीच तापलेली. 8 वर्षांची आहे, वजन 22 किलो. मी 4 वाजता पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं, 5 मिलीत 250 मिलिग्रॅमवालं, आणि चमचा खाली ठेवते न ठेवते तोच ती म्हणते, आई, बाईंनी पण गोळी दिलीय. कुठली गं? पांढरी होती, अर्धी होती. कधी? डबा खाल्ल्यावर. आता यावरून काय डोंबल कळणार, शाळेत फोन लावला तर ऑफिस बंद, दुसऱ्या दिवशी समजलं की ती सर्दीची गोळी होती आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, हिच्यातही होतं! एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम आणि दोन डोसमध्ये निदान 4 तास, हा हिशोब मला पाठ आहे पण आधीचा डोसच माहीत नसेल तर त्याचा उपयोग काय. काही झालं नाही म्हणा. पण हे औषध खूप जास्त झालं तर लिव्हरवर येतं आणि पहिल्या दिवशी मूल चांगलं हसतंखेळतं दिसू शकतं, म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

बाईंवर राग नाही. आपण पालक तरी काय करतो, कंपासपेटीत कागदात गुंडाळून सुटी गोळी देतो, दुखलं तर घे म्हणून. ती शेजारच्या बाकावरच्याने खाल्ली तर? त्याला दमा असेल आणि गोळी आयबुप्रोफेनची निघाली तर काही मुलांचा दमा उसळतो. औषध मूळ पाकिटातच हवं, नाव लिहून, आणि ते बाईंच्याच हातात.

म्हणून सरसकट बंदी घाला असंही नाही हं. पाळीच्या दिवशी पोट धरून शेवटच्या तासापर्यंत बसणाऱ्या मुलींना विचारा.

शाळेत म्हणे रजिस्टर आहे, ते कपाटात असतं. मी आता मुलीच्या डायरीच्या पहिल्या पानावर वजन, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर लिहून दिलेत, खाली लाल पेनने, औषध देण्याआधी फोन करा.

- एक पालक