मामा, लोअर आर्मचा रंग टिकलाय

सोलापूर

मामा, सप्रेम नमस्कार.

गाडीखालचे गंजलेले भाग रंगवायला शिकवलंत, त्याचे तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चहा सांग आधी’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमची नात वाचून दाखवेलच.

गाडी मेहुण्यांकडून आली ती रत्नागिरीची खारी हवा खाऊन. आपल्या कोरड्या सोलापुरात असा गंज सहसा बघायला मिळत नाही. खाली वाकून पाहिलं तर लोअर आर्म (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा), स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी फार कलू न देणारी सळई), मागचा अ‍ॅक्सल (मागच्या चाकांमधला आडवा दांडा), सगळं तांबूस. एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी ‘सगळं नवीन टाका’ म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मात्र छोटी हातोडी घेऊन आर्मवर ठोकत गेलात, वेल्डिंगच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलंत आणि म्हणालात, “मालक, गंज वरचा आहे, पत्रा खाल्लेला नाही. खाल्ला असता तर मी ब्रशला हात लावू दिला नसता.” जन्मभर ट्रकच्या चॅसी, म्हणजे खालचे सांगाडे, रंगवलेल्या माणसाचा हा शब्द मला फार मोलाचा वाटला.

साफसफाई रटाळ होती, ती सांगत बसत नाही. डिग्रीझर, वायर ब्रश, पॉलिश पेपर. पण टॉवेलची गोष्ट सांगतोच. कारखान्यातल्या टॉवेलच्या चिंध्या आपल्या गावात पोत्याने मिळतात. ग्रीस पुसायला त्या उत्तम, पण प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, आधीचा शेवटचा हात तुम्ही स्वतःच्या जुन्या धोतराच्या फडक्याने फिरवायला लावलात. टॉवेलचं तूस ओल्या प्रायमरला चिकटलं की कायमचं दिसतं, म्हणून.

कॉइल स्प्रिंगला ग्राइंडर लावायचा नाही हेही तुमचंच. स्प्रिंग सतत दबते-सुटते, तिच्यावर खोल ओरखडा पडला तर तिथूनच चीर जाते. ती हातानेच घासायची. स्प्रिंग दाबून धरणारा कम्प्रेसर तर तुम्ही मला हातातही धरू दिला नाहीत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेते, हे दटावून सांगितलंत.

खरे आभार मात्र मास्किंग टेपचे. बॉल जॉइंटचं (आर्मच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचं) रबरी बूट, बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे), बोल्टचे आटे आणि जिथे धातूवर धातू बसतो त्या जागा, सगळीकडे तुम्ही टेप लावत बसलात. मला वाटलं, एवढा कशाला खटाटोप? तुम्ही जुना बोल्ट हातात घेऊन दाखवलंत: बोल्टखाली रंगाचा जाड थर राहिला तर तो दबून चुरतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. रबराला थिनर लागला तर ते फुगतं. असलं कोण समजावून सांगतं?

रंग पहाटेच मारायचा हा तुमचा हट्टही बरोबर होता. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात स्प्रे मारला तर रंग पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. आधी इपॉक्सी प्रायमर, मग चॅसी ब्लॅकचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर थांबणं. थांबायला तुम्ही शेंगाचटणी-भाकरीची सोय केलीत, त्याचे आभार मामींना.

आणि आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावून ठेवायचे, चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावरच पक्के आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. चाकं सरळ रेषेत लावून देणाऱ्या अलाइनमेंटवाल्या पोराला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. श्रेय तुम्हाला दिलंय.

पावसाळ्यानंतर परवा चाकं काढली होती. आर्मवर कुठेच फोड नाही. स्टॅबिलायझर बारच्या क्लॅम्पपाशी खडीने एक टवका उडालाय, तेवढा ब्रशने भरून घेतो. उरलेला प्रायमर आणि त्यात मिसळायचा हार्डनर घट्ट झाकून ठेवलाय. जुळे सोलापूरच्या आमच्या मित्राला तुमच्याकडे पाठवतोय, त्याच्या गाडीचा अ‍ॅक्सल बघा. चहा त्याच्याकडून घ्या.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा भाडेकरू