घडणावळ टक्क्यात कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी सराफ्यात पेंडंट घेतलं, दुकानाचं नाव लिहीत नाही, बावीस कॅरेट, १० ग्रॅम, आणि बिलात घडणावळ १४ टक्के. म्हटलं भिया एवढी कशाची, तर म्हणे काका हातकाम आहे. आता त्याच ट्रेमध्ये डिट्टो तशीच अजून चार पडलेली, नखाएवढाही फरक नाही, मग कसलं हातकाम!

माझा शाळेतला मित्र याच लाइनमधला, तो मला मागच्या गल्लीत जिना चढून एका कारखान्यात घेऊन गेला. डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, त्यावरून चांदीचा मास्टर, मास्टरवरून रबराचा साचा, साच्यात गरम मेण भरलं की मेणाचं पेंडंट बाहेर. अशी पुष्कळ पेंडंटं एका मेणाच्या दांडीला फांद्यांसारखी चिकटवतात, अक्षरशः झाड म्हणतात त्याला, मग त्यावर प्लास्टर ओतून भट्टीत ठेवतात, मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत सोनं ओततात. हात लागतो तो नंतर, फाइल मारायला, खडे बसवायला, पॉलिशला. ते काम बारीकच, नाही म्हणत नाही. पण आमच्या आजीच्या ठुशीचा एकेक मणी ज्यानं हातानं घडवला त्याची मजुरी आणि याची मजुरी एकच कशी?

आणि घट म्हणून, म्हणजे घडवताना सोनं वाया जातं म्हणून, जे लावतात ते तर विचारूच नका. कारागिराच्या मांडीपाशी ड्रॉवर असतो, कीस त्यात पडतो, हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, आणि गल्लीतला केर न्यारिये चाळून सोनं काढतात. मग घटलं कुठे?

बरं, मेहनत तेवढीच, पण घडणावळ भावावर चढते. १० ग्रॅमला साठ हजार भाव धरला तर १४ टक्के म्हणजे ८,४००, भाव एक लाख वीस हजार झाला की त्याच कामाचे १६,८००. पॉलिशवाल्या पोराला डबल मिळतात का, मी मित्राला विचारलं, तो नुसता हसला.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की शुद्धता कळते, हे फार छान झालं. तसंच घडणावळ रुपयांत आणि माल कास्टिंगचा, म्हणजे असा साच्यात ओतलेला, की हाताचा एवढं बिलावर लिहायला काय हरकत आहे? सराफा असोसिएशननं मनावर घ्यावं. दिवाळीला सुनेची ठुशी करायचीय, मी तर आधी हेच लिहून मागणार.

एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर