शनिवारचा कोलोचा सराव – आठवण

बेलग्रेडकर मंडळी, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता 'कोलो उ त्री' (कोलो म्हणजे रांगेत हात धरून करायचा सर्बियन लोकनाच, त्यातलाच हा एक प्रकार) पुन्हा पहिल्यापासून घेणार आहोत. गेल्या वेळी अर्धी रांग उजवीकडे आणि अर्धी डावीकडे निघाली होती, त्यामुळे लवकर या.

घरी एवढंच घोटा: आधी उजवीकडे, मग जागेवर तीन-तीन पावलांचा ठेका, मग तेच डावीकडे. पावलं अगदी लहान ठेवा. झोका गुडघ्यातून, खांदे शांत. पाण्याचा हंडा डोक्यावर असल्यासारखे. हात खाली धरायचे, शेजाऱ्याला ओढायचं नाही. ही फुगडी नव्हे!

रांगेच्या उजव्या टोकाला कोलोवोजा, म्हणजे म्होरक्या असतो. त्याच्या पुढे जाऊन हात धरू नका, इथे ते उद्धटपणाचं दिसतं. नवख्यांनी शेपटाला लागावं.

घसरणारे मोजे नकोत, पातळ तळव्याचे बूट आणा. चोच वळलेले ओपान्त्सी, म्हणजे इथले पारंपरिक चामडी जोडे, विकत घ्यायची घाई नको.

२०१७ मध्ये कोलो युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, पण इथल्या लग्नात अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं की तुम्हाला कुणी विचारणार नाही, थेट ओढूनच नेतील. पुढच्या महिन्यात आपल्यालाही एका लग्नाचं बोलावणं आहे.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.